बारा युनिटांपासून सुरुवात: कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजमधून वर्गातील मदतनीस आणि शिक्षक होण्याची वाट

फ्रीमाँट, क्युपर्टिनो, डब्लिन, सॅन रमोन अशा बे एरियातील गावांत राहणाऱ्या मराठी घरांत एक प्रसंग वरचेवर घडतो. मुलाच्या किंडरगार्टनच्या वर्गात आई आठवड्यातून एकदा मदतीला जाते, रंगाच्या वाट्या धुते, चार मुलांना घेऊन वाचायला बसते, आणि वर्ष संपता संपता वर्गशिक्षिका सहज म्हणतात, ‘‘तुम्ही इथे नोकरीसाठी अर्ज का करत नाही?’’ घरी आल्यावर मग चर्चा सुरू होते: पुन्हा शिकावे लागेल का, किती वर्षे, किती पैसे, आणि पुणे किंवा मुंबई विद्यापीठाच्या पदवीचे इथे काय होणार. मीही याच प्रसंगातून या क्षेत्रात आले. पहिल्या दोन वर्षांत मी जी धावपळ केली, तिच्यातील निम्मी केवळ कामांचा क्रम चुकल्यामुळे झाली. म्हणून पुढील मजकुरात काय करावे यापेक्षा काय आधी करावे याला अधिक जागा दिली आहे. हे सर्व कॅलिफोर्नियापुरते आहे. अमेरिकेत शिक्षण हा राज्यांचा विषय असल्याने न्यू जर्सीतील मावशीचा सल्ला इथे उपयोगी पडेलच असे नाही.

आपले दार कोणते

शाळेत शिरण्याची तीन दारे आहेत. पहिले परवानाधारक प्रीस्कूलचे, म्हणजे आपल्याकडील बालवाडीचे. दुसरे सार्वजनिक शाळेतील वर्गाच्या मदतनिसाचे. या पदाला कुठे पॅराएज्युकेटर, कुठे इन्स्ट्रक्शनल असिस्टंट, तर कुठे इन्स्ट्रक्शनल एड म्हणतात. शाळेत सगळे नुसते ‘पॅरा’ म्हणतात. तिसरे दार वर्गाची पूर्ण जबाबदारी असलेल्या शिक्षकाचे, आणि त्याला राज्याचे क्रेडेन्शियल, म्हणजे शिकवण्याचा परवाना, लागतो. कम्युनिटी कॉलेज, म्हणजे बहुतांशी पहिल्या दोन वर्षांचे शिक्षण देणारे सार्वजनिक महाविद्यालय, पहिल्या दोन दारांपर्यंत तुम्हाला थेट नेऊन सोडते. तिसऱ्या दाराच्या वाटेवर ते निम्मे अंतर सोबत करते आणि पुढे विद्यापीठाच्या हवाली करते. सार्वजनिक शाळेत प्राथमिक वर्ग शिकवण्याचे क्रेडेन्शियल केवळ कम्युनिटी कॉलेजच्या शिक्षणावर मिळत नाही, त्याला पदवीच लागते. जाहिरातीत किंवा ओळखीच्यांच्या बोलण्यात ‘दोन वर्षांत टीचर’ असे ऐकू आले, तर ते प्रीस्कूलबद्दल आहे असे समजावे.

कोणत्या दाराने जायचे हे पहिल्याच दिवशी कायमचे ठरवण्याची गरज नसते. युनिट हे इथे अभ्यास मोजण्याचे माप आहे; बाल विकास या विषयाची पहिली बारा युनिटे पहिल्या दारासाठी अत्यावश्यक आहेत, दुसऱ्यासाठी ती उपयोगी आहेत, आणि चार वर्षांच्या मुलांना शिकवायचे असेल तर तिसऱ्या दारापाशीही कामाला येतात. त्यामुळे संभ्रमात असलेल्याने ती बारा युनिटे घ्यावीत, एखाद्या वर्गात प्रत्यक्ष काम करून पाहावे आणि मग ठरवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांत आधी: भारतातील पदवीचे मूल्यांकन

कॉलेजचा अर्ज भरण्याआधी हे काम हाती घ्यावे, कारण याच्या निकालावर पुढचा सगळा नकाशा बदलतो. भारतातील गुणपत्रिका अमेरिकन पद्धतीत कशा बसतात हे सांगणाऱ्या खासगी मूल्यांकन संस्था आहेत. मात्र कोणत्याही संस्थेचा अहवाल सगळीकडे चालतो असे नाही. क्रेडेन्शियल देणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या शिक्षक आयोगाची स्वतःची मान्यताप्राप्त संस्थांची यादी आहे आणि भविष्यात शिक्षक होण्याची थोडीशीही शक्यता असेल, तर त्या यादीतीलच संस्था निवडावी. अहवाल प्रत्येक विषयाचा वेगळा तपशील देणारा मागवावा. नुसत्या ‘समकक्ष आहे’ अशा एका ओळीच्या स्वस्त अहवालावर पैसे वाया जातात.

आता कोणाचे काय होते ते पाहू. चार वर्षांचे बी.ई. असेल तर पदवीचा प्रश्न सहसा उरत नाही. तीन वर्षांच्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला काही संस्था पदवीची समकक्षता देतात, तर काही केवळ तीन वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण एवढेच मानतात. त्यावर एम.ए. किंवा एम.कॉम. केलेले असेल तर बाजू भक्कम होते. भारतात बी.एड. झालेल्यांनी तर विशेष सावध राहावे. परदेशात शिक्षक-प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांसाठी आयोगाची वेगळी वाट आहे आणि मूल्यांकन अनुकूल आले तर थेट प्रिलिमिनरी, म्हणजे सुरुवातीच्या, क्रेडेन्शियलसाठी अर्ज करता येतो. बी.एड. असलेल्या एका मैत्रिणीने हे न तपासता कम्युनिटी कॉलेजची असोसिएट डिग्री, म्हणजे साधारण दोन वर्षांची पदवी, घेण्यात अडीच वर्षे घालवली. तिला ती शिकून आनंद झाला हे खरे, पण नोकरीच्या दृष्टीने तिची गरज नव्हती. पदवी मान्य झालेल्या कोणीही असोसिएट डिग्रीच्या मागे लागू नये; लागतील तेवढीच युनिटे घ्यावीत आणि पुढे जावे.

इथे आपल्या नावांचा घोळ येतो. बहुतेक मराठी स्त्रियांच्या गुणपत्रिकेवर माहेरचे आडनाव आणि वडिलांचे नाव असते, पासपोर्टवर सासरचे आडनाव आणि पतीचे नाव असते, आणि काहींचे पहिले नावही लग्नात बदललेले असते. मूल्यांकन करणाऱ्या व्यक्तीला या दोन वेगळ्या बाया वाटतात. माझा अहवाल याच कारणाने कित्येक आठवडे अडकून पडला होता. विवाह नोंदणीचा दाखला आणि असेल तर नावबदलाचे राजपत्र यांच्या प्रती पहिल्याच टपालात जोडाव्यात. विद्यापीठाकडून ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे अधिकृत गुणपत्रक, मागवताना ते सीलबंद पाकिटात किंवा विद्यापीठाकडून थेट संस्थेकडे जायला हवे का, हे आधी विचारून घ्यावे. नातेवाइकाने कौतुकाने पाकीट फोडून आतले कागद तपासले की ते पाकीट बाद झाले. भारतात जाणारे कोणी असेल तर त्याच्यावर हे काम सोपवताना एवढे एक बजावून सांगावे.

व्हिसा, रहिवास आणि फी

एच-४, म्हणजे एच-१बी वर काम करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या, व्हिसावर असलेल्यांना शिकायला आडकाठी नाही आणि त्यासाठी विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागत नाही. एक विषय घेऊनही शिकता येते. पगार घेण्यासाठी मात्र काम करण्याचा परवाना, म्हणजे ईएडी, हातात हवा. २०१५ च्या मे महिन्यापासून तो काही एच-४ धारकांना मिळू लागला. साधारणपणे जोडीदाराच्या ग्रीन कार्डची आय-१४० ही पायरी मंजूर झालेली असावी लागते. परवाना यायला वेळ लागणार असेल, तर तो काळ युनिटे पूर्ण करण्यासाठी वापरणे हा सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे. अभ्यासक्रमातील प्रत्यक्ष वर्गकामाच्या, म्हणजे प्रॅक्टिकमच्या वेळी आपल्या व्हिसाला काय चालते हे वकिलाला विचारावे. कॉलेजातील वर्गमैत्रिणीचे मत यात उपयोगाचे नाही.

फीच्या बाबतीत सगळे रहिवासावर अवलंबून असते. कॅलिफोर्नियाचा रहिवासी ठरलेल्या विद्यार्थ्याला सेमिस्टर पद्धतीच्या कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला ४६ डॉलर पडतात, म्हणजे बारा युनिटांचे ५५२ डॉलर. बाहेरचा ठरलेल्याला याच्या कितीतरी पट द्यावे लागतात. रहिवासी ठरण्यासाठी सत्र सुरू होण्याच्या आधी राज्यात एक वर्ष आणि एक दिवस वास्तव्य, शिवाय इथेच राहण्याचा इरादा दाखवणारे पुरावे लागतात. एच-४ धारकांना हा रहिवास सिद्ध करता येतो, हे अनेकांना ठाऊक नसते. ऑनलाइन अर्जात व्हिसाचा प्रकार निवडला की संगणक कधीकधी सरसकट ‘बाहेरचा’ असा शिक्का मारतो. तसे झाले तर फी भरून मोकळे होऊ नये. भाडेकरार, राज्याचे कर विवरण, ड्रायव्हिंग लायसन्स आणि बँकेचे कागद घेऊन प्रवेश कार्यालयात जावे आणि रहिवासाची फेरतपासणी मागावी. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांना त्याशिवाय फॅफ्सा हा सरकारी मदतीचा अर्ज भरता येतो आणि कमी उत्पन्न असेल तर युनिटांची फी पूर्ण माफ होऊ शकते.

प्रवेश आणि विषयांची निवड

प्रवेशाचा अर्ज विनामूल्य आहे आणि तो सीसीसीअप्लाय या एकाच संकेतस्थळावरून राज्यातील कोणत्याही कम्युनिटी कॉलेजसाठी भरता येतो. गुणांची चाळणी नाही, प्रवेश परीक्षा नाही. अर्ज झाल्यावर ओरिएंटेशन करावे आणि काउन्सेलरची वेळ घ्यावी. त्या भेटीला ‘मला शिक्षक व्हायचे आहे’ असे मोघम सांगत जाऊ नये. मूल्यांकनाचा अहवाल पुढे ठेवावा, कोणते दार हवे ते सांगावे आणि लेखी शैक्षणिक आराखडा मागावा. सत्र सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात काउन्सेलर हाती लागणे अवघड असते, तेव्हा दोन महिने आधी भेटावे.

एक तांत्रिक गोष्ट इथे समजून घेतली पाहिजे. फ्रीमाँटचे ओलोनी, हेवर्डचे शॅबो, लिव्हरमोरचे लास पोसिटास, सँटा क्लाराचे मिशन ही कॉलेजे सेमिस्टर पद्धतीने चालतात, तर क्युपर्टिनोचे डी अँझा आणि लॉस आल्टोस हिल्सचे फुटहिल ही सुमारे तीन-तीन महिन्यांच्या सत्रांच्या क्वार्टर पद्धतीने. नियमांतील आकडे सेमिस्टरच्या युनिटांत दिलेले असतात आणि दीड क्वार्टर युनिट म्हणजे एक सेमिस्टर युनिट. त्यामुळे डी अँझात बारा युनिटे झाली म्हणून कोणी पेढे वाटायला निघाले तर थांबवावे. तिथे अठरा लागतात. फीत फारसा फरक पडत नाही, कारण क्वार्टरच्या युनिटाचा दर ३१ डॉलर आहे.

पहिली बारा युनिटे म्हणजे सहसा तीन-तीन युनिटांचे चार विषय. त्यांत बालकाची वाढ आणि विकास; बालक, कुटुंब आणि समाज; आणि लहान मुलांसाठीचा अभ्यासक्रम हे तीन विषय असलेच पाहिजेत. चौथा विषय निरीक्षणाचा किंवा आरोग्य, सुरक्षा आणि पोषणाचा घ्यावा. अगदी तान्ह्या मुलांच्या वर्गात काम करायचे असेल तर बारांपैकी तीन युनिटे तान्ह्यांच्या संगोपनाची हवीत. प्रत्येक विषयात किमान सी श्रेणी लागते. तीन युनिटांचा एक विषय म्हणजे आठवड्याला तीन तास वर्ग आणि साधारण सहा तास घरचा अभ्यास. घरात लहान मूल असेल तर पहिल्या सत्रात दोनच विषय घ्यावेत. बहुतेक विषय ऑनलाइन किंवा संध्याकाळी असतात. तरीही किमान एक विषय वर्गात बसून शिकावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण शिफारसपत्र देणारे प्राध्यापक पडद्यावरून ओळखीचे होत नाहीत.

या विषयांत आपल्याला जड जाते ते इंग्रजी नव्हे, तर लिहिण्याची एक विशिष्ट शिस्त. निरीक्षणाच्या विषयात मला वीस मिनिटे एका मुलाकडे पाहून टिपण लिहायचे होते. मी लिहिले, ‘मुलगा चिडला आणि त्याने हट्टाने ठोकळे फेकले.’ प्राध्यापिकांनी ‘चिडला’ आणि ‘हट्टाने’ हे दोन्ही शब्द खोडले आणि विचारले, तुम्हाला दिसले काय? दिसले होते ते असे: दुसऱ्या मुलाने मधला निळा ठोकळा उचलला, मनोरा पडला, याने दोन्ही मुठी आवळल्या, तीन ठोकळे डावीकडे टाकले, आणि मग तो शिक्षिकेच्या दिशेने पाहत चार-पाच क्षण उभा राहिला. दुसरे टिपण वाचल्यावर लक्षात येते की त्या मुलाला मदत हवी होती. वर्गातील मदतनिसाची नोंद पुढे पालकांसमोर आणि कधीकधी वकिलांसमोरही वाचली जाते, म्हणून ही सवय पहिल्या सत्रातच अंगी बाणवावी लागते.

पहिले दार: प्रीस्कूल

खासगी परवानाधारक केंद्रांना राज्याचे टायटल २२ हे नियम लागू होतात. त्यांनुसार बारा युनिटे आणि सहा महिन्यांचा अनुभव झाला की तुम्ही पूर्ण पात्र शिक्षक ठरता. सहा युनिटे झाल्यावरही, उरलेली युनिटे शिकत राहण्याच्या अटीवर, कामावर घेता येते. सरकारी अनुदानावरील प्रीस्कूलना याहून कडक नियम आहेत आणि तिथे शिक्षक आयोगाचे चाइल्ड डेव्हलपमेंट परमिट लागते. त्याच्या पायऱ्या आहेत: सहा युनिटांवर असिस्टंट, बारा युनिटे आणि पन्नास दिवसांच्या अनुभवावर असोसिएट टीचर, चोवीस युनिटे, सामान्य शिक्षणाची सोळा युनिटे आणि १७५ दिवसांच्या अनुभवावर टीचर, आणि पुढे मास्टर टीचर ते संचालक. अनुभवाचा दिवस म्हणजे किमान तीन तास काम. या पायऱ्यांच्या फेररचनेचे काम आयोगाने हाती घेतलेले आहे, तेव्हा अर्ज करताना त्यांच्या संकेतस्थळावरील त्या दिवशीचा तक्ताच प्रमाण मानावा. प्रीस्कूलमध्ये काम करणाऱ्यांना गोवर, डांग्या खोकला आणि इन्फ्लुएन्झा यांच्या लसींचा पुरावाही द्यावा लागतो. लहानपणच्या लसीकरणाचे कार्ड बहुधा कोणाकडेच नसते. रक्ताची तपासणी करून गोवराची प्रतिकारशक्ती दाखवता येते.

दुसरे दार: शाळेतील पॅरा

गरीब वस्तीतील शाळांना केंद्र सरकारचा टायटल १ हा निधी मिळतो, आणि त्या निधीवर चालणाऱ्या वर्गांत शिकवण्यात मदत करणाऱ्यांची पात्रता केंद्राच्या कायद्याने ठरवली आहे. २००२ साली लागू झालेली ही अट २०१५ च्या नव्या कायद्यातही टिकली. बारावीच्या तोडीचा डिप्लोमा तर हवाच, आणि त्यावर तीनपैकी एक: दोन वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण, असोसिएट डिग्री, किंवा वाचन, लेखन आणि गणिताची स्थानिक परीक्षा. कॅलिफोर्नियात दोन वर्षांचे शिक्षण म्हणजे ४८ सेमिस्टर युनिटे असा हिशोब बहुतेक स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या त्या भागातील सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या संस्था, करतात. भारतातील तीन वर्षांची पदवी जिथे ‘पदवी’ म्हणून अडते, तिथेही ४८ युनिटांच्या अटीला ती सहसा पुरून उरते. फक्त मूल्यांकनाचा अहवाल जोडावा लागतो. ज्यांचे कॉलेज अर्धवट सुटले आहे त्यांनी परीक्षेचा पर्याय पाहावा. अपूर्णांक, शेकडेवारी, उताऱ्यावरील प्रश्न, स्पेलिंग एवढाच तिचा आवाका असतो. इंच-फूट आणि औंस-पौंडाची गणिते तेवढी आपल्याला नव्याने घोकावी लागतात.

जागा एडजॉइन या संकेतस्थळावर जाहीर होतात. एकाच कामाला दहा डिस्ट्रिक्टांत दहा नावे असल्याने एकाच शब्दाने शोध घेऊ नये. जाहिरातीत तीन गोष्टी आधी पाहाव्यात: दिवसाचे तास, वर्षाचे महिने आणि विशेष शिक्षणाची, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांसोबतची, जागा आहे का. तीन किंवा साडेतीन तासांच्या जागा पुष्कळ असतात आणि त्यांत आरोग्यविमा क्वचितच मिळतो. पगार दहा महिन्यांचा असतो आणि पुढच्या वर्षी काम मिळणार असल्याचे पत्र हातात असल्यामुळे उन्हाळ्यात बेकारी भत्ताही मिळत नाही. घरचा हिशोब मांडताना हे विसरले जाते.

चार वर्षांच्या मुलांचा ट्रान्झिशनल किंडरगार्टन, म्हणजे टीके, हा वर्ग २०२५-२६ पासून राज्यातील सर्व पात्र मुलांना खुला झाला आहे. तिथे दर दहा मुलांमागे एक मोठे माणूस हवे असा नियम आहे. म्हणजे वीस मुलांच्या वर्गात शिक्षिकेखेरीज आणखी एक व्यक्ती लागतेच. बाल विकासाची बारा युनिटे घेतलेल्याला या जागा विशेष अनुकूल आहेत.

मुलाखतीत मोठमोठी शैक्षणिक तत्त्वे सांगू नयेत. मूल अचानक वर्गाबाहेर पळाले तर काय कराल, शिक्षिकेचे म्हणणे पटले नाही तर काय कराल, असे साधे प्रश्न येतात. दुसऱ्या प्रश्नाचे अपेक्षित उत्तर हे की मुलांसमोर काही बोलणार नाही, सूचना पाळेन आणि शाळा सुटल्यावर स्वतंत्रपणे विचारेन. आपल्याकडील काही उमेदवार नम्रपणे ‘शिक्षिकेचे सगळे पटेलच’ असे सांगतात. ते विनयाचे वाटले तरी समोरच्यांना खरे वाटत नाही.

निवड झाल्यावर बोटांचे ठसे आणि क्षयरोगाची तपासणी या दोन गोष्टी उरतात, आणि दोन्हींत मराठी माणूस हमखास अडतो. ठसे लाइव्ह स्कॅन या यंत्रावर देतात. ते प्रीस्कूलचा परवाना विभाग, स्कूल डिस्ट्रिक्ट आणि शिक्षक आयोग यांच्यासाठी वेगवेगळे द्यावे लागतात, कारण एकाची मंजुरी दुसऱ्याला वापरता येत नाही. ‘गेल्याच महिन्यात दिले होते’ हे सांगून उपयोग नाही. फॉर्मवर पूर्वीच्या नावांची जागा असते. तिथे माहेरचे नाव लिहावेच. भांडी-धुण्याने किंवा वयाने ठसे पुसट झालेले असतील तर ते परत येतात. आधी काही दिवस हातांना तेल-क्रीम लावून बोटे मऊ ठेवली तर फरक पडतो.

क्षयरोगासाठी आधी प्रश्नावली असते आणि क्षयरोगाचे प्रमाण अधिक असलेल्या देशात जन्म किंवा वास्तव्य असल्यास पुढची चाचणी लागते. आपल्याला लहानपणी बीसीजीची लस दिलेली असल्याने हातावर सुई टोचून करायची त्वचाचाचणी खोटी ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते. मग छातीचा एक्स-रे, पुन्हा डॉक्टर, आणि तोवर रुजू होण्याची तारीख पुढे. म्हणून डॉक्टरांना बीसीजीबद्दल आधीच सांगून रक्ताची चाचणी मागावी. दंडावरचा तो जुना व्रण दाखवला तरी पुरे.

काम प्रत्यक्षात कसे असते

पॅरा म्हणजे शिक्षिकेची लहान बहीण, अशी कल्पना करून येणाऱ्यांना पहिला महिना जड जातो. बऱ्याच जागा विशेष शिक्षणाच्या असतात. तिथे एका मुलासोबत दिवसभर राहायचे असते, त्याला शौचालयात मदत करावी लागते, तो चावला किंवा ओरबाडले तरी आवाज न चढवता बाजूला व्हावे लागते. गुडघ्यांवर बसून मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर बोलणे दिवसातून पन्नास वेळा होते. साडी-ड्रेसचे सोडा, टोकदार चप्पलसुद्धा चालत नाही. हे काम आवडते का, हे नोकरीत नव्हे तर प्रॅक्टिकमच्या वेळीच पारखून घ्यावे.

दोन कायदेशीर बंधने पहिल्या दिवसापासून लागू असतात. मुलाचा छळ किंवा हेळसांड होत असल्याचा वाजवी संशय आला तर पॅरानेही स्वतः लगेच फोनने कळवायचे असते आणि ३६ तासांत लेखी अहवाल द्यायचा असतो. मुख्याध्यापकांना सांगितले म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. दुसरे बंधन गोपनीयतेचे. मंडळाच्या गणेशोत्सवात जेवणाच्या रांगेत एखादी ओळखीची आई विचारते, ‘‘आमचा आर्य वर्गात कसा वागतो गं?’’ त्यावर ‘‘छान आहे हो’’ एवढेही न बोलता, ‘‘त्याच्या शिक्षिकेशी बोला, त्या नीट सांगतील’’ असेच म्हणावे. सुरुवातीला हे तुटक वाटते. पण उद्या तिच्याच मुलाविषयी दुसरे कोणी विचारेल तेव्हाही हेच उत्तर मिळणार आहे, हे तिला सांगितले की ती समजून घेते.

तिसरे दार: क्रेडेन्शियल

ज्यांच्याकडे पदवी नाही त्यांच्यासाठी कम्युनिटी कॉलेजात प्राथमिक शिक्षणाची, पुढे विद्यापीठात जाण्यासाठी म्हणजे ट्रान्सफरसाठी असलेली असोसिएट डिग्री आहे. २०१० च्या राज्य कायद्याने सुरू झालेल्या या पद्धतीत ६० युनिटे पूर्ण केलेल्याला कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या व्यवस्थेत जागेची हमी मिळते आणि तिथे आणखी ६० युनिटांत पदवी होते. मात्र ही हमी व्यवस्थेतील जागेची असते. हव्या त्याच विद्यापीठाची नसते. कॉलेजचा कोणता विषय हेवर्डच्या ईस्ट बे किंवा सॅन होजेच्या विद्यापीठात कशाच्या जागी धरला जाईल, हे असिस्ट या सार्वजनिक संकेतस्थळावर दिसते. दर सत्राला विषय घेण्याआधी ते उघडून पाहावे. ‘चालेल बहुतेक’ या भरवशावर घेतलेला विषय हमखास फुकट जातो.

पदवी आणि तिचे मूल्यांकन हातात असलेल्यांनी थेट विद्यापीठाच्या क्रेडेन्शियल कार्यक्रमाकडे जावे. प्राथमिक शाळेत सर्व विषय शिकवण्यासाठी मल्टिपल सब्जेक्ट, माध्यमिकला एकेका विषयासाठी सिंगल सब्जेक्ट, विशेष शिक्षणासाठी एज्युकेशन स्पेशालिस्ट, आणि बालवर्ग ते तिसरीसाठी पीके-३ असे प्रकार आहेत. विषयज्ञान सीसेट परीक्षेने किंवा मान्य विषयांच्या युनिटांनी सिद्ध करता येते. ६०० तासांचे वर्गकाम आणि अध्यापनाची प्रत्यक्ष मूल्यमापन चाचणी पार करावी लागते. अमेरिकेच्या राज्यघटनेचा अभ्यास ही अटही आपल्यासारख्यांना चुकत नाही. ती कम्युनिटी कॉलेजच्या राज्यशास्त्राच्या एका विषयात स्वस्तात पूर्ण होते, म्हणून पॅराचे काम चालू असतानाच तो विषय उरकून घ्यावा. मिळणारे पहिले क्रेडेन्शियल पाच वर्षांचे असते. टीकेच्या वर्गाची शिक्षिका व्हायचे असेल तर मल्टिपल सब्जेक्टच्या जोडीला बाल विकासाची २४ युनिटे किंवा तत्सम पात्रता लागते, आणि सुरुवातीची बारा युनिटे इथे निम्मी वाट झालेली असतात.

पॅरा म्हणून काम करणाऱ्यांना शिक्षक होण्यासाठी राज्याच्या अनुदानातून मदत देणारा कार्यक्रम अनेक डिस्ट्रिक्टांत असतो, पण तो स्वतःहून कोणी सांगत नाही. रुजू झाल्यावर मनुष्यबळ विभागाला आणि संघटनेच्या प्रतिनिधीला त्याबद्दल विचारावे. पदवी मान्य झालेल्यांना दरम्यानच्या काळात बदली शिक्षकाचे तीस दिवसांचे परमिट घेऊन वेगवेगळ्या शाळा आतून पाहता येतात, आणि पुढे कोणत्या शाळेत अर्ज करायचा नाही हेही त्यातूनच कळते.

नवे शैक्षणिक वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होते. हा मजकूर हिवाळ्यात वाचत असाल तर ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज या आठवड्यात भारतात पाठवावा, फेब्रुवारी-मार्चमध्ये कॉलेजचा अर्ज आणि रहिवासाचे कागद द्यावेत, एप्रिलच्या आधी काउन्सेलरला भेटावे आणि नोंदणी खुली होईल त्या दिवशी सकाळीच बालकाच्या वाढीचा विषय पकडावा. संध्याकाळच्या तुकड्या लवकर भरतात. भरली असेल तर प्रतीक्षा यादीत नाव घालून पहिल्या तासाला जाऊन बसावे. न आलेल्यांच्या जागा प्राध्यापक त्याच तासाला देतात.